जप्त तांदूळ सडायच्या आत सोडवायचा तर कुठं जायचं

गोव्यातल्या साखळी गावच्या एका दुकानदारानं विचारलंय, बाकीच्यांना संदर्भ लागावा म्हणून आधी थोडक्यात सांगतो. बेळगावहून ६० पोती तांदूळ भावाच्या टेंपोतून चोर्ला घाटानं आणत होते, केरीच्या चेकपोस्टवर अडवलं, २२ पोत्यांचं बारदान सरकारी छापाचं निघालं म्हणून सगळाच माल रेशनचा असल्याचा संशय घेतला आणि तांदूळ, टेंपो दोन्ही जप्त. बारा दिवस झाले. पंचनाम्याची कॉपी हातात आहे, नोटीस अजून आलेली नाही. ४० पोत्यांचं पक्कं बिल आहे, २० पोत्यांची नुसती चिठ्ठी. ओळखीचे वकील म्हणतात मॅजिस्ट्रेट कोर्टात अर्ज टाकू, बाँडवर माल आणि गाडी सुटेल. तांदूळ एका शेडमध्ये पडलाय, वर पाऊस सुरू झालाय. आणि शेवटी विचारलंय की आमची चूक नाही हे सिद्ध कसं करायचं.

मी उत्तर गोव्यात चोवीस वर्षं वकिली करतोय, त्यातली बरीचशी पुरवठा खात्याच्या केसेसमध्ये गेली, दुकानदारांच्या बाजूनं जास्त आणि दोन-तीनदा रेशन कार्डवाल्यांच्या बाजूनंही. तुमचं सगळं वाचून वाटलं की तुम्ही शेवटचा प्रश्न आधी विचारताय. चूक आहे की नाही हे ठरायला महिने लागतील. पण तांदूळ त्या शेडमध्ये महिने टिकणार नाही, जून-जुलैची आपल्याकडची हवा तुम्हाला मी काय सांगणार, घरातल्या डब्यातल्या तांदळाला टोके पडतात तिथं जमिनीवर ठेवलेल्या पोत्यांचं काय होणार. म्हणजे खरा प्रश्न असा आहे की फाइल सावकाश चालत असताना मालाची किंमत कशी वाचवायची, आणि ती वाचवताना पुढच्या केसमध्ये आपलंच नुकसान होईल असं काही लिहून द्यायचं नाही, ते कसं जमवायचं.

आता मॅजिस्ट्रेट कोर्टाचं. तुमच्या वकिलांना दोष देत नाही, कारण चोरीचा किंवा अपघाताचा मुद्देमाल असेल तर तोच रस्ता बरोबर असतो आणि आम्हा सगळ्यांना त्याचीच सवय असते. पण तुमचा माल जीवनावश्यक वस्तू कायदा १९५५ खाली धरलाय, आणि या कायद्यात ६ए ते ६ई अशी स्वतंत्र कलमं आहेत. ६ए म्हणतं की कलम ३ खालच्या एखाद्या आदेशाच्या अंमलबजावणीत माल धरला तर त्याचा रिपोर्ट विनाकारण उशीर न करता ज्या जिल्ह्यात माल धरला तिथल्या कलेक्टरकडे गेला पाहिजे, आणि सरकारजमा करायचा की नाही ते कलेक्टर ठरवणार, मग कोर्टात खटला भरलेला असो वा नसो. ६ई त्याच्या पुढे जाऊन सांगतं की हे प्रकरण चालू असताना माल आणि गाडी यांचा ताबा, सुटका, विल्हेवाट याबद्दल हुकूम द्यायचा अधिकार कलेक्टरला आणि अपील ऐकणाऱ्या अधिकाऱ्यालाच आहे, दुसऱ्या कुठल्याही कोर्टाला नाही. मी नवा असताना मीही मॅजिस्ट्रेटकडेच गेलो होतो, दोन तारखा झाल्या, तिसऱ्या तारखेला सरकारी वकिलानं ६ई दाखवलं आणि अर्ज फेटाळला गेला. पाच आठवडे गेले. ते पाच आठवडे पावसाळ्यातले होते आणि माझ्या पक्षकाराला ते फार महाग पडले, म्हणून हे एवढं जोर देऊन लिहितोय.

इथं एक गोष्ट परिस्थितीवर अवलंबून आहे ती प्रामाणिकपणे सांगतो. ६ई मधले शब्द माल सरकारजमा करायचं प्रकरण प्रलंबित असताना अशा अर्थाचे आहेत, म्हणजे जर पोलिसांनी नुसता गुन्हा नोंदवला आणि कलेक्टरकडे रिपोर्ट पाठवलाच नाही तर ६ए चं प्रकरण सुरूच झालं नाही, मग मॅजिस्ट्रेटचा अधिकार जात नाही असा युक्तिवाद करता येतो आणि मी तो केलेलाही आहे. तसंच गोदामातून माल चोरीला गेल्याचा वेगळा गुन्हा दाखल असेल तर भारतीय न्याय संहितेची कलमं लागतात आणि चित्र आणखी बदलतं. म्हणून पहिलं काम अर्ज टाकणं नाही, पहिलं काम म्हणजे रिपोर्ट कलेक्टरकडे गेला का, कुठल्या तारखेला गेला, त्याचा आवक नंबर काय, हे शोधून काढणं. केरी सत्तरी तालुक्यात, म्हणजे उत्तर गोवा, म्हणजे पणजीचं कलेक्टर ऑफिस. तांदूळ बेळगावचा असला तरी कर्नाटकात जायची गरज नाही, जिथं धरला तिथलाच कलेक्टर. स्वतः जा किंवा वकिलाच्या माणसाला पाठवा, फोनवर कुणी सांगणार नाही.

रिपोर्ट गेलेला असेल, आणि बारा दिवसात बहुतेक गेलेला असतो, तर त्याच दिवशी ६ए च्या पोटकलम २ खाली अर्ज द्या. हे पोटकलम लोकांना माहीतच नसतं. त्यात असं आहे की माल लवकर खराब होणारा असेल किंवा जनहिताच्या दृष्टीनं योग्य असेल तर कलेक्टर केस चालू असतानाच तो विकायचा हुकूम देऊ शकतो, ठरलेला सरकारी भाव असेल तर त्या भावानं नाहीतर जाहीर लिलावानं, आणि धान्य असेल तर रेशन दुकानातूनही वाटायला देऊ शकतो. विक्रीचे पैसे खर्च वजा करून बाजूला राहतात. शेवटी माल सरकारजमा झाला नाही, किंवा अपिलात हुकूम फिरला, किंवा खटल्यातून सुटलात, तर ते पैसे तुमचे.

तुम्ही म्हणाल मला पैसे नकोत, माझा तांदूळच परत द्या, गिऱ्हाईक थांबलंय. ते समजतं. पण सुप्रीम कोर्टानं शंभू दयाल अगरवाला विरुद्ध पश्चिम बंगाल या १९९० च्या निकालात सांगितलंय की केस चालू असताना जप्त माल मालकाला परत सोडून द्यायचा अधिकार या कलमात नाही, ६ई मधला सुटकेचा शब्द माल लोकांपर्यंत विक्रीसाठी पोचावा यासाठी आहे. त्यामुळे बाँड देतो माल द्या असा अर्ज घेऊन गेलात तर नकार मिळायची शक्यता जास्त. विक्रीचा अर्ज मात्र सहसा नाकारत नाहीत, कारण सडका तांदूळ सांभाळण्यात खात्यालाही रस नसतो.

लिलावात भाव कमी मिळेल, हे आत्ताच मनाशी धरून चाला. ज्या भावानं बेळगावात घेतला तो भाव येणार नाही. तरीही मी प्रत्येकाला हाच सल्ला देतो आणि त्यामागे एक जुनी केस आहे. एका पसरकाराचा, म्हणजे किराणा दुकानदाराचा, उकडा तांदूळ होता, नव्वदच्या आसपास पोती, बिलं चोख, मला खात्री होती की माल सुटणार, म्हणून विक्रीचा अर्ज न देता पूर्ण सुटकेसाठीच भांडत बसलो. नऊ महिन्यांनी हुकूम आमच्या बाजूनं आला. माल घ्यायला गेलो तर खालचे दोन थर काळे पडलेले, वरच्या पोत्यांना जाळी, उंदरांनी बारदान कुरतडून तांदूळ जमिनीवर सांडलेला. केस जिंकलो होतो आणि त्या माणसाच्या हातात कोंबड्यांना घालण्यापुरता तांदूळ आला. त्याची बायको तिथंच पोत्यावर हात ठेवून उभी राहिली, ते मला अजून दिसतं.

अर्जात काय लिहायचं ते नीट बघा, कारण इथं चूक झाली तर ती खटल्यापर्यंत पाठ सोडत नाही. हा अर्ज आपले सगळे हक्क राखून आणि माल रेशनचा आहे हे मान्य न करता देत आहोत, हे वाक्य पहिल्याच परिच्छेदात पाहिजे. विकण्याआधी दोन्ही बाजूंच्या समोर पोत्यांचं वजन व्हावं, पोत्यागणिक, नुसते नग मोजून नाही, कारण पंचनाम्यात ६० पोती असं लिहिलेलं असतं आणि नंतर वजन भरतं तेव्हा फरक निघतो आणि त्या फरकाला कुणी वाली नसतो. नमुने काढावेत, सील करावेत, एक तुमच्याकडे द्यावा. सरकारी छापाच्या २२ पोत्यांचे नमुने वेगळे आणि बाकी ३८ पोत्यांचे वेगळे, हे फार महत्त्वाचं, मिसळले की तुमचा बचाव तिथंच संपला. सगळ्या पोत्यांचे फोटो, छाप दिसेल असे, शिलाई दिसेल अशीही. आणि विक्री होईपर्यंत पोती लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून लांब, ताडपत्री घालून ठेवावीत अशी मागणी लेखी करा. ही मागणी ते पाळतील न पाळतील, पण ती कागदावर आली आणि तिच्यावर आवक शिक्का पडला की पुढं माल खराब झाला तर आम्हाला माहीत नव्हतं असं कुणाला म्हणता येत नाही.

याचा उपयोग कुठं होतो ते सांगतो. एन. नागेंद्र राव अँड कंपनी विरुद्ध आंध्र प्रदेश असा सुप्रीम कोर्टाचा १९९४ चा निकाल आहे. खत आणि धान्याच्या व्यापाऱ्याचा माल १९७५ च्या ऑगस्टमध्ये धरला होता, पुढच्या वर्षी कलेक्टरला हिशेबाच्या वह्या नीट नसण्यापलीकडे मोठं काही सापडलं नाही, थोडा भाग सरकारजमा करून बाकी सोडला, पण व्यापारी घ्यायला गेला तेव्हा माल दर्जा आणि वजन दोन्हीत गेलेला होता. सरकारचं म्हणणं होतं की हे सार्वभौम काम आहे, नुकसानभरपाई लागत नाही. कोर्टानं ते मानलं नाही, अधिकाऱ्यांच्या हलगर्जीपणानं माल गेला तर सरकार जबाबदार असं ठरवलं. जप्ती ते निकाल, एकोणीस वर्षं. म्हणून हा निकाल खिशात असू द्या पण त्याच्या भरवशावर माल सडू देऊ नका, दिवाणी दावा लावायचा तर आधी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० ची दोन महिन्यांची नोटीस, मग दावा, मग वर्षं. सरकारी गोदामात माल सुरक्षितच असतो असं ज्यांना वाटतं त्यांना आपल्याकडची २०२२ ची तूरडाळ आठवत असेल, कोविडच्या काळात आणलेली, २४१ टन पडून खराब झाली. ती तर सरकारची स्वतःची डाळ होती.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, चूक नाही हे कसं दाखवायचं. आधी नोटीस येऊ द्या आणि ती आली की त्यात एकच गोष्ट शोधा, कुठल्या आदेशाचं कुठलं कलम मोडलं असं लिहिलंय. जीवनावश्यक वस्तू कायदा मोडला एवढं म्हणून भागत नाही, कारण हा कायदा स्वतः फार काही मना करत नाही, मनाई येते ती कलम ३ खाली काढलेल्या आदेशांतून. तांदळाचा साधा व्यापार करायला, एका राज्यातून दुसऱ्या राज्यात न्यायला, आज सर्वसाधारणपणे लायसन्स लागत नाही, २०१६ च्या केंद्राच्या आदेशानं बऱ्याच धान्यांवरची लायसन्स, साठा आणि वाहतुकीची बंधनं काढलेली आहेत. मधूनमधून साठ्याची मर्यादा येते, जशी जून २०२३ मध्ये गव्हावर आली होती, घाऊक व्यापाऱ्याला ३००० टन आणि किरकोळ दुकानाला १० टन, आणि त्याच महिन्यात तूर-उडदावर २०० आणि ५ टन. हे आकडे बदलत राहतात म्हणून जप्तीच्या तारखेला कुठला आदेश लागू होता ते बघायचं. तुमचे ६० पोती म्हणजे तीन टन, तेव्हा साठेबाजीचा विषयच नाही. उरतो तो रेशनचा माल वळवल्याचा आरोप, आणि तिथं बहुधा २०१५ चा सार्वजनिक वितरण व्यवस्थेचा नियंत्रण आदेश लावतील. तो मुख्यतः रेशन दुकानदार, गोदाम, वाहतूकदार यांना बांधतो. खाजगी दुकानदारानं त्यातलं नेमकं काय मोडलं हे नोटिशीत स्पष्ट नसेल तर उत्तरात पहिला मुद्दा तोच.

नोटीस न देता आणि ऐकून न घेता सरकारजमा करता येत नाही, ६बी मध्ये हे सरळ लिहिलंय, लेखी कारणं, लेखी उत्तराची संधी, प्रत्यक्ष म्हणणं मांडायची संधी. पण नोटिशीत एखादी बारीक त्रुटी राहिली म्हणून हुकूम आपोआप रद्द होत नाही हेही त्याच कलमात आहे, त्यामुळे तारीख चुकली, नावात काना राहिला, असल्या मुद्द्यांवर वेळ घालवू नका.

मग बारदान. सरकारी छापाचं बारदान म्हणजे सरकारी तांदूळ असं नसतं. रेशन दुकानातून रिकामी पोती विकली जातात, बाजारात फिरतात, गिरणीवाला, शेतकरी, भुसारवाला सगळे तीच वापरतात. पण हे नुसतं म्हणून चालत नाही, दाखवावं लागतं. तोंडाची शिलाई मशिनची मूळची आहे की सोडून पुन्हा सुतळीनं हातानं शिवलेली, टॅग आहे का, छापावर कुठल्या हंगामाचं साल आहे, वजन बरोबर ५० किलो भरतं की एखाद-दुसरा किलो इकडंतिकडं, यावरून बरंच कळतं. जुन्या हंगामाचा छाप आणि हातशिलाई असेल तर बारदान दुसऱ्यांदा वापरलंय असं म्हणायला जागा आहे. मूळ शिलाई आणि टॅग तसाच असेल तर ते सरळ गोदामातून आलेलं पोतं आहे, आणि मग मी सुद्धा तुम्हाला वाचवायला बारदानाचा मुद्दा घेणार नाही.

दुसरी कसोटी आतल्या दाण्याची. रेशनचा तांदूळ गेल्या काही वर्षांत फोर्टिफाइड, म्हणजे पोषक घटक मिसळलेला, येत आलाय, मार्च २०२४ पर्यंत सगळ्या सरकारी योजनांत तो पोचवायचं धोरण होतं, त्यात शंभर किलोला साधारण एक किलो लोह, फॉलिक अॅसिड आणि बी-१२ घातलेले बनवलेले दाणे मिसळतात. तेच दाणे बघून गावात लोक प्लास्टिकचा तांदूळ म्हणून घाबरतात. तुमच्या ३८ साध्या पोत्यांच्या नमुन्यात हे दाणे नसतील तर तो माल रेशनचा नाही याला मोठा आधार मिळतो, म्हणून लॅब टेस्टची मागणी तुम्हीच करा, खात्याची वाट बघू नका. २२ पोत्यांत ते सापडले तर मात्र मोठी अडचण आहे, आणि ती अडचण मागणी करायच्या आधी माहीत असलेली बरी, तुमच्याकडे त्याच लॉटमधला तांदूळ दुकानात उरला असेल तर पसाभर ताटात घेऊन स्वतः बघा. बिलावर जातीचं नाव काय आहे तेही बघा. बिलावर सोना मसुरी आणि पोत्यात उकडा निघाला तर ते बिल असून नसल्यासारखं. आपल्याकडं उकडा की सुरय, म्हणजे न उकडलेला, हे तर बघितल्या बघितल्या कळतं, अधिकाऱ्यालाही कळतं.

कागदांबद्दल एक गैरसमज जो अधिकाऱ्यांचाही असतो, ई-वे बिल, म्हणजे जीएसटीत माल नेताना सोबत ठेवायचा ऑनलाइन कागद, नाही म्हणजे माल दोन नंबरचा. जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या पॅक आणि लेबल केलेल्या तांदळावर ५ टक्के जीएसटी आहे, त्याच्या वरच्या पोत्यांवर नाही, आणि करमुक्त तांदळाला ई-वे बिल लागत नाही. ५० किलोच्या पोत्यांना विकणाऱ्याचं बिल ऑफ सप्लाय, म्हणजे करमुक्त मालाचं बिल, पुरतं. तर ४० पोत्यांचं बिल, पैसे बँकेतून गेले असतील तर त्याचं स्टेटमेंट, बेळगावच्या वजनकाट्याची पावती, तुमचं दुकानाचं रजिस्ट्रेशन आणि एफएसएसएआयचा कागद, हे सगळं एका फाइलीत लावा. बेळगावच्या व्यापाऱ्याकडून त्याच्या स्टॉक रजिस्टरच्या त्या दिवसाच्या पानाची सही-शिक्क्याची कॉपी मिळाली तर फारच उत्तम, पण जप्ती ऐकल्यावर तो फोन उचलेनासा होतो हा माझा अनुभव आहे, म्हणून आज जा, उद्या नको.

२० पोत्यांच्या चिठ्ठीबद्दल मला थोडं कठोर बोलावं लागणार. ती २० पोती आणि सरकारी छापाची २२ पोती हा जवळजवळ एकच आकडा आहे, हे मला दिसतंय तसं कलेक्टरलाही दिसणार. तो माल कुठून घेतला हे तुम्हाला माहीत असेल, निदान अंदाज असेल. कार्डवाले आपला फुकट मिळालेला तांदूळ दारावर येणाऱ्याला विकतात, तो गोळा करणारा पुढं व्यापाऱ्याला देतो, हे बेळगावातही होतं आणि सत्तरी-डिचोलीतही होतं. काही ठिकाणी गोदामातूनच निघतो, २०२२ च्या नोव्हेंबरात फोंड्याकडं क्राइम ब्रँचनं धरलेला सरकारी तांदूळ आणि गहू सगळ्यांना आठवतो, त्यानंतर अशा गाड्यांकडं जास्त बारकाईनं बघितलं जातं आणि ते बघितलंच पाहिजे. अंत्योदयच्या घराला महिन्याला ३५ किलो, बाकी प्राधान्य घरांना माणशी ५ किलो, एवढ्यावर ज्यांचं पोट आहे त्यांच्या ताटातून तो निघालेला असतो. मी तुमची बाजू मांडीन, कुठलाही वकील मांडील, पण त्याला खरं सांगा. एका पक्षकारानं मला पोती स्वतःच्या शेतातली म्हणून सांगितली, मी तसं उत्तर दिलं, आणि सुनावणीत पंचायतीच्या कागदावरून कळलं की त्या वर्षी ती जमीन पडीक होती. त्यानंतर त्याच्या खऱ्या कागदांवरही कुणी विश्वास ठेवला नाही.

शेतातला विषय निघाला म्हणून, हे तुम्हाला लागू नाही पण वाचणाऱ्यात कुणी शेतकरी असेल तर, ज्यानं पिकवलं त्याच्याकडूनच धरलेलं धान्य किंवा तेलबिया ६ए खाली सरकारजमा करता येत नाहीत, हे कलमातच आहे. सात-बाराऐवजी आपल्याकडं फॉर्म एक आणि चौदा, आणि कृषी कार्ड, एवढं जवळ असू द्या.

टेंपोचं बघू. भावाला वेगळं उत्तर देऊ द्या, वेगळा वकील नसला तरी वेगळा कागद. गाडीच्या मालकाला सुटायचं तर ६बी प्रमाणे त्याला, त्याच्या एजंटला आणि गाडी चालवणाऱ्याला माहीत नव्हतं, आणि तिघांनी घ्यायची ती काळजी घेतली होती, हे सगळं दाखवावं लागतं. लोक फक्त मालकाचं दाखवतात आणि ड्रायव्हरवर अडकतात. इथं ड्रायव्हर कोण होता ते तुम्ही लिहिलं नाही, भाऊच चालवत असेल तर एक माणूस, एक जबाब, सोपं. गाडी भाड्यानं माल किंवा माणसं वाहणारी असेल तर सरकारजमा करण्याऐवजी दंड भरून गाडी ठेवायचा पर्याय मालकाला द्यावाच लागतो, म्हणून परमिट, भाड्याच्या जुन्या पावत्या लावा. गाडीवर बँकेचं कर्ज असेल तर बँकेला लेखी कळवा, हप्ते थांबले तर दुसरंच दुखणं सुरू होतं.

कलेक्टरचा हुकूम विरुद्ध गेला तर ६सी खाली एक महिन्याच्या आत अपील, हुकूम तुमच्या हाती पडल्यापासून महिना. लखोट्यावरची तारीख जपून ठेवा, लखोटा फेकू नका. अपील राज्य सरकारनं नेमलेल्या न्यायिक अधिकाऱ्यापुढं असतं. पर्वरीच्या हायकोर्टात रिट घेऊन लगेच जायचा मोह होतो, पण कायद्यात अपील असताना थेट आलात तर बहुतेक वेळा परत पाठवतात. ऐकूनच घेतलं नाही, हुकुमात कारणच नाही, किंवा विक्रीच्या अर्जावर आठवडे झाले तरी कुणी शब्द काढत नाही आणि माल सडतोय, अशा वेळी मात्र हायकोर्टाचा उपयोग होतो, आणि तिथं तुमचा आवक शिक्क्याचा अर्ज हाच सगळ्यात मोठा कागद ठरतो.

खटला भरला तर तो वेगळा चालेल, कलम ७ खाली, आणि त्यात कैदेचीही शिक्षा आहे, तेव्हा हलकं घेऊ नका. कलेक्टरपुढं माल गेला म्हणजे खटल्यात दोषी असं नाही आणि उलटंही नाही. पण खटल्यात सुटलात तर ६सी प्रमाणे सरकारजमा झालेल्या मालाची किंमत जप्तीच्या दिवसापासूनच्या वाजवी व्याजासकट मागता येते, हे कित्येक लोक मागतच नाहीत, सुटलो यातच समाधान मानून घरी जातात. दोन्हीकडं एकच गोष्ट सांगा, कलेक्टरला दिलेलं उत्तर सरकारी वकील खटल्यात समोर ठेवतो. पंचनाम्यात पंच कोण आहेत तेही आत्ताच बघून ठेवा, दोन स्वतंत्र पंच त्या भागातले हवेत, आणि जुलै २०२४ पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेत झडती-जप्तीचं व्हिडिओ रेकॉर्डिंग सांगितलंय, त्याची कॉपी लेखी मागा. २२ पोतीच छापाची होती की जास्त, यावर उद्या वाद झाला तर तो व्हिडिओ तुमच्याच कामी येईल.

तर आत्ता या आठवड्यात तुमच्या हातात तीनच कामं आहेत. पणजीला जाऊन रिपोर्टचा नंबर आणि तारीख, त्याच फेरीत हक्क राखून विक्रीचा आणि नमुन्यांचा अर्ज, दोन कॉप्या, एकीवर शिक्का. आणि बेळगावला जाऊन बिल देणाऱ्याचे कागद. मॅजिस्ट्रेटचा अर्ज टाकला नसेल तर रिपोर्टचं कळेपर्यंत थांबवा, टाकला असेल तर मला कळवा, मागं कसा घ्यायचा ते वेगळं सांगतो. नोटीस आली की त्यातला आदेशाचं नाव असलेला परिच्छेद इथं लिहा, तुमचं आणि व्यापाऱ्याचं नाव खोडून, मग उत्तराचा मसुदा कसा असावा त्यावर बोलू.